येचोनची रिकामी खुर्ची

येचोन, ४ नोव्हेंबर १९५९

चि. तेकग्यून यास आजीचे अ. आ. वि. वि.

सांगते मी, लिहिते तुझी आई. काही गोड वाटलं तर ते तिने घातलंय असं समज. हिवाळ्याच्या लोणच्यासाठी कोबी मिठात घालून बसलेय, पण चित्त थाऱ्यावर नाही. थोरल्या काकांना मी वाळवलेल्या पर्सिमन फळांची पेटी देऊन जिल्हा कचेरीत पाठवलं. साहेबांनी तुझ्यासाठी खुर्ची राखलीय. कचेरी कशी चालवावी हे अमेरिकेत शिकलास ना, मग वर्गात शिकवण्यापेक्षा चालव की. पोहायला शिकून काठावरून ओरडत काय बसतोस?

तुझ्या आजोबांना सरकारी पद नव्हतं, म्हणून श्राद्धाच्या कागदावर त्यांना अजून 'विद्यार्थी'च लिहितात. मरूनही शिक्षण संपेना. या घरात एक तरी अधिकारी लिहिला जावा, एवढंच मागते.

लोभ असला तर उत्तर धाड. आटला असला तर लवकर धाड.
आजी

सोल, ११ नोव्हेंबर

ती. आजीस तेकग्यूनचे शि. सा. न. वि. वि.

एक घोटाळा झालाय, काकांच्या आधी माझ्याकडून ऐक. लोकप्रशासन हा विषय आपल्याकडे इतका नवा की पुस्तकं सगळी अमेरिकेतली. त्यांत म्हटलंय, नेमणुकीत नातं पाहू नये. माझे विद्यार्थी दिवसा कचेऱ्यांत काम करणारे, माझ्याहून वयाने मोठे. एकाने विचारलं, आपल्याकडचं उदाहरण? पुस्तकात कुठलं असणार. बोलून गेलो: एक काका, एक पर्सिमनची पेटी, एक खुर्ची. नाव घेतलं नाही. पण पर्सिमन म्हणताच मागच्या बाकावरचा एकजण खाली मान घालून हसला. तो येचोनच्याच कचेरीतून बदलून आलेला.

पण आजी, वर्ग पहिल्यांदाच जागा झाला. आपले धडे आपण लिहिले नाहीत तर जन्मभर परक्या गावांचा कारभार शिकवत बसू. ती खुर्ची मला नको. काकांना तोंड कसं दाखवू, या विचाराने खोलीत येरझाऱ्या घालतोय.

रागावलीस तरी थोडा लोभ बाजूला काढून ठेव.
तेकग्यून

येचोन, १९ नोव्हेंबर

चि. तेकग्यून यास अ. आ. वि. वि.

काका येऊन गेले. म्हणाले, पोराने घराची अब्रू फळ्यावर टांगली. वर्गात 'ते खोटं होतं' म्हणेल तरच श्राद्धाला उंबरा ओलांडू देईन. मी विचारलं, खोटं काय, पेटी की पर्सिमन? धुसफुसत जोडे घालून निघाले.

चीड मलाही आली. कोबी धुताना तुला मनसोक्त शिव्या दिल्या. तुझी आई त्या लिहायला तयार नाही.

खुर्ची काही रिकामी राहिली नाही. काकांनी तिच्यावर त्यांच्या मेहुण्याचा मुलगा बसवला, त्याच पेटीच्या पुण्याईवर. शेताला खत मिळायच्या चिठ्ठीसाठी काल कचेरीत त्याच्यापुढे उभी राहिले. माझ्या मांडीवर खेळलेला पोर, मान वर न करता म्हणाला, उद्या या. आज गेले, तर पुन्हा उद्या या.

तू श्राद्धाला ये. काका तोंड फिरवतील, तरी वाकून नमस्कार कर. शब्द मात्र मागे घेऊ नकोस. आणि हे 'उद्या' कसं संपवायचं ते तुझ्या पुस्तकांत बघून ये. नसेल, तर तो धडा तू लिही. सांगायला मी आहे.

लोभ आहे, रागही आहे; दोन्ही घ्यायला ये.
आजी