काशीला जाते म्हणून सांगितलं

महाड, बुधवार

प्रिय चिंतामणी,

फोन तू उचलणार नाहीस, आणि उचललासच तर मी काहीतरी भलतंच बोलेन, म्हणून लिहिते आहे. जन्मभर मुलांना निबंध लिहायला लावले, आणि आता स्वतःचं चार ओळींचं लिहिताना पेन अडतंय. लाज वाटते, म्हणून. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी सवयीने थट्टा करायला लागले तरी तू फसणार नाहीस.

पावसाळ्यात माझ्या जेवणाच्या टेबलावर आपण शाळेतला जुना नकाशा पसरायचो. कोपरे उडू नयेत म्हणून एकावर पोळपाट, एकावर लोणच्याची बरणी आणि एकावर तुझा चष्मा. तो ठेवला की तुला काही दिसायचं नाही आणि प्रवास मीच आखायचे. अथेन्स, तिथून बोटीने क्रीट, मग सिसिली, शेवटी ट्युनिस. तीन महिने, घाई कसलीच नाही, तुझ्या गुडघ्याला झेपेल तेवढंच चालायचं. तू पाटबंधारे खात्यात पाणी अडवत राहिलास, मी पोलादपूरच्या मुलांकडून 'भूमध्य सागरी हवामान, उन्हाळे कोरडे' घोकून घेत राहिले, आणि दोघांनीही हरिहरेश्वरच्या पलीकडचा समुद्र पाहिला नव्हता. तुला ऑलिव्हच्या झाडाला हात लावून बघायचा होता. मला नुसतं बाकावर बसून न बरसणारं आभाळ बघायचं होतं. सावित्री नदीचं पाणी दोनदा स्वयंपाकघरात आलेल्या बाईला याहून मोठी चैन ती कोणती? तुझी शुभदा गेली, माझे हे गेले, आणि कॉलेजातली आपली ओळख अशी नकाशावर पुन्हा उगवली. किती वर्षांनी मी सकाळी गाणं गुणगुणत उठायला लागले होते, हे तुला कधी सांगितलं नाही.

मग ती मोठी बॅग घरी आली. शेजारच्या मंजुळावहिनींनी दारातूनच विचारलं, काय सरोजताई, काशीला वाटतं? मी म्हटलं, हो. एवढंच. नाही म्हटलं असतं तर कुठे, आणि कोणाबरोबर, हे सांगावं लागलं असतं. त्या एका 'हो'ने सगळी आळी माझ्या पाया पडायला लागली. कोणी सुपारी आणून दिली, कोणी नारळ, जो तो सांगे, आमच्या नावाने एक बुडी मारा. मी सगळं घेतलं. परत आल्यावर मावंद्याच्या पूजा-जेवणाला गंगाजल लागेल, तर ते बाजारातल्या पूजेच्या दुकानात सीलबंद मिळतं, हेसुद्धा मी चौकशी करून ठेवलं होतं. एका थापेची शेपूट झाकायला किती हुशारी लागते बघ!

आणि मग तो दिवस. तू व्हिसाचे फोटो घेऊन आला होतास, चहा अर्धा झाला होता, आणि मागच्या दारी आवडी आली. वरंधच्या वरच्या वाडीतली, दर आठवड्याला भाजी आणणारी. तिने तुझ्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि तिने काही विचारायच्या आत मी म्हणाले, हे यात्रा कंपनीचे. काशीला हेच नेणार आहेत. तिने तुझ्याच पायावर डोकं ठेवलं. कमरेची पुरचुंडी सोडून म्हणाली, दादा, माझ्या लेकानं, चांगूनं, जायच्या आधी लावलेलं शेवटचं भात हाय ह्ये, त्याच्या नावानं गंगंत सोडा, त्याला काशी घडली नाय. तू उठलास, रुमालाला हात पुसलेस, ओंजळीत ते तांदूळ घेतलेस आणि म्हणालास, जपून नेतो बाई. माझ्याकडे न बघता गेलास. उरलेला चहा मी तिथेच बसून गार होईपर्यंत बघत राहिले.

मला वाटलं होतं, तुझी लाज वाटते म्हणून मी तुला लपवते. आता कळतं, लाज वाटावी असं त्या खोलीत फक्त मी होते.

काल मी वरंधला गेले. एसटीतून उतरून ती चढण चढताना दोनदा परत फिरावंसं वाटलं. आवडी अंगणात नाचणी पाखडत होती. तिला सगळं सांगितलं. काशी नाही, कंपनी नाही, दूरच्या देशी समुद्र बघायला निघालो होतो. ती चिडली नाही रे, तेच वाईट. सूप खाली ठेवून तिने विचारलं, मग त्यो दादा तुझा कोण लागतो? आणि मी, मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेली बाई, उत्तर सोडून तांदळांचं बोलायला लागले. तांदूळ परत आणून देते म्हटलं, तर म्हणाली, नको गो. हात पुसून घेतलान त्यानं. त्याच्याकडंच ऱ्हाऊं दे. तुझ्याकडं नको. मग पुन्हा सूप उचललं. पाणीसुद्धा विचारलं नाही, आणि ते बरोबरच होतं. तेव्हा त्या तांदळांसाठी अथेन्सच्या आधी काशी करायला हवी. तुझ्याबरोबर, नाहीतर तू एकट्याने तरी.

रात्री वरदला फोन केला. सगळं ऐकून माझ्या मुलाने आधी विचारलं की तिकिटं रद्द होतात का. मी म्हटलं, होतात, पण मी करणार नाही. त्याने फोन ठेवला नाही, मीही ठेवला नाही.

आता हे का लिहिते ते. रविवारी दुपारी मंजुळावहिनी आळीतल्या बायका जमवून मला निरोपाचा नारळ देणार आहेत. त्या सगळ्यांसमोर मी सांगणार आहे, की मी काशीची थाप मारली, की मी चिंतामणीबरोबर जाणार होते, की हा माणूस मला आवडतो आणि आवडीसमोर त्याला मी यात्रा कंपनीचा नोकरमाणूस म्हणून उभं केलं. तू आलास न आलास, मी सांगणारच. तू परत येशील असं वाटून मी हे करत नाही, तेवढा विश्वास माझ्यावर पुन्हा ठेवता आला तर ठेव. पण आलास तर नेहमीसारखा मागच्या दाराने येऊ नकोस. भरदुपारी आळीतून चालत ये, पुढच्या दाराने, आणि माझ्या शेजारच्या खुर्चीवर बस. ती मी रिकामी ठेवणार आहे, आणि कोणी विचारलं कोणासाठी, तर तुझं नाव सांगणार आहे.

तुझीच,
सरोज