चिचुंद्रीचे नातेवाईक

३ नोव्हें., सोम.
स्वयंपाकघरात चिचुंद्री शिरलीय. पिंजरा आणला, तो अनघानं गच्चीवर नेऊन टाकला. लेक कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते, त्यामुळे घरात काही मारायची सोय नाही. "बाबा, झुरळं खाते ती. राहू द्या." सौ. म्हणाली, रविवारी नांदगावचे पाहुणे अनघाला बघायला येतील तेव्हाही राहू द्यायची का?

५ नोव्हें.
एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात नोकरी केली, बॉयलरला कधी भ्यालो नाही. आज टॉवेलखालून ती निघाली. ओरडलो. शेजारी धावत आले. 'बीपी' म्हणालो.

९ नोव्हें., रवि.
पाहुणे आले. मुलगा दिंडोरीला वायनरीत आहे. शांत. सगळं छान चाललेलं. तेवढ्यात सोफ्याखालून ती! मुलाच्या आईनं पाय वर घेतले. "अगंबाई, उंदीर!"
अनघा: "उंदीर नाही हो काकू, चिचुंद्री. गाय, वटवाघूळ, देवमासा हे तिला उंदरापेक्षा जवळचे."
मुलाचे वडील हसले. "मग उंदराला जवळचं कोण?"
मी डोळ्यांनी खुणावतोय. सौ. खाकरतेय.
"उंदराला चिचुंद्रीपेक्षा आपण जवळचे."
"म्हणजे आम्ही उंदराचे भाऊबंद?"
"तुम्हीच नाही काका, आम्हीपण." हे म्हणे समजूत घालायला!
चहा अर्धा टाकून उठले.

११ नोव्हें.
सौ. बोलत नाही. बोलली लेक, अबोला माझ्याशी. मध्यस्थाचा फोन: मुलाच्या आईला गाईचं पटलंय, वडिलांना उंदराचं पटत नाहीये.
अनघाला म्हटलं, थोडं गप्प बसली असतीस तर?
"त्यांनी विचारलं, बाबा. खोटं सांगू?" आत निघून गेली. डोळे भरल्यासारखे वाटले. मुलगा आवडला होता की काय? बापानं विचारायचं तरी कसं...

१५ नोव्हें., शनि.
दुपारी मुलगा एकटाच दारात. हातात बुटाचं खोकं, झाकणाला भोकं. "काका, अनघा आहेत? गोदामात सापडली. सगळे मारायला निघाले होते. चिचुंद्रीच आहे ना?"
सौ. किंचाळली नाही. उलट शिरा करायला घेतला. दोघं खोक्यावर वाकून बोलत बसली. मी पेपर उलटा धरला होता, हे नंतर कळलं.
मग माझा फोन वाजला. मुलाचे वडील! "आमचा बंटी तिकडंच हाय ना?"
"आहे. देऊ?"
"नको. तुमच्या मुलीला द्या. उंदराचे भाऊबंद सासरी चालतील का, ते तिलाच विचारायचंय."
अनघा फोन घेऊन गॅलरीत गेलीय. दार लावलंय. बंटी घामाघूम. सौ. दाराला कान लावून उभी, हातानं मला म्हणतेय, गप्प—