फ्रिजमध्ये न ठेवलेल्या नळ्या

संगमनेर

प्रिय भाऊजी,

तुमची पत्र्याची ट्रंक काल पुण्याहून एस.टी.च्या पार्सलनं आली. भाडं बावीस रुपये, हमाली पाच. आत तीन शर्ट, एक स्वेटर, अकरा वह्या आणि तुमच्या सरांचं पत्र. ते पत्र वाचल्यापासून चैन नाही, म्हणून लिहायला बसले.

सर लिहितात, तुमच्या प्रबंधात उत्तरेकडच्या माकडांचा तक्ता पुरा आहे, आपल्या डोंगरावरच्या माकडांचा अर्धा कोरा. ‘बर्फ मिळाला नाही म्हणून नमुने नासले, असं ते म्हणाले होते.’

भाऊजी, माझ्यासाठी खोटं बोललात?

त्या संध्याकाळी तुम्ही थर्मास घेऊन दारात उभे होतात. “वहिनी, सकाळच्या गाडीपर्यंत एवढ्या नळ्या फ्रिजमध्ये राहू द्या.” काय आहे विचारलं, तर सरळ माकडाचं रक्त म्हणालात. थाप मारायला काय झालं होतं?

“मारुतीरायाच्या लेकरांना सुया टोचायच्या, आणि ते मी नैवेद्याच्या दुधाशेजारी ठेवू?”

हे पेपरातून मान वर न करता म्हणाले, “तिच्या फ्रिजला सोवळं आहे बाबा. माझी अंडी अजून बाहेरच आहेत.” तुम्ही हसलात. थर्मास ओसरीवर माठाजवळ राहिला.

जेवताना मला समजावत होतात. अंगात रोग ओळखणाऱ्या खुणा असतात, आईबापांकडून आलेल्या. आपलं माकड आणि उत्तरेतलं माकड आता निराळ्या जातींची, पण मूळ एक. जाती वेगळ्या झाल्या तरी जुन्या खुणा दोन्हीकडे टिकल्या, कारण तऱ्हेतऱ्हेच्या खुणा असलेली टोळीच रोगाच्या साथीतून वाचते. म्हणून एखाद्या माकडाची खूण शेजारी बसलेल्या भावापेक्षा तिकडच्या परक्याशी जास्त जुळते. “जसं माझं दादापेक्षा तुमच्याशी जमतं,” म्हणालात. मी खूश होऊन आणखी एक भाकरी वाढली. फ्रिज काही उघडला नाही.

दोन महिने पिंजऱ्यापाशी बसून मिळवलेलं ते रक्त होतं, हे वहीत वाचलं. माझ्यावर रागावला का नाहीत? आणि त्या शेवटच्या दुखण्यात स्वतःचा ताप आठ दिवस अंगावर का काढलात? तेव्हा तरी वहिनीला कळवायचं होतं.

सरांची एक विद्यार्थिनी तुमच्या मागे उरलेलं काम पुरं करायला येणार आहे. नमुने रात्रभर थंड ठेवायला गावात सोय होईल का, असं ते विचारतात. मी देवापुढे बसले. कौल कसला मिळतोय. मग उठले आणि वरचा कप्पा रिकामा करून पुसून घेतला. देवाचं दूध पाण्याच्या परातीत राहील.

शब्द देते, त्या नळ्या गाडीत बसेपर्यंत फ्रिजच्या दाराला ह्यांनासुद्धा हात लावू देणार नाही.

सरांना कार्ड टाकलं आहे. नळ्या मी ठेवू दिल्या नाहीत, भाऊजींची त्यात चूक नव्हती, ते तुमच्या कागदांत दुरुस्त करा, असं लिहिलं. आणि खाली लिहिलं, मुलगी कधी येते ते उलट टपाली कळवा.

तुमची,
वहिनी