फोटोतले हात

१ जून, मंगळवार
नाही म्हणाला! खिडकीतल्या साहेबानं अर्ज उलटून बघितला आणि परत सरकवला. कलाकारांना सरकारची मदत आहे असं कळलं म्हणून गेलो होतो. फेटे बांधणं ही कला आहे की नाही यावर आत दोघांची पाच मिनिटं चर्चा. शेवटी साहेब म्हणाला, "बरं, धरू की कला. पण तुम्हीच बांधता ह्याला पुरावा काय?" बावीस वर्षं बांधतोय, म्हटलं. अख्ख्या कसबा बावड्यात विचारा, कृष्णात फेटेवाला कोण म्हणून. "बावड्याला इचारून चालत न्हाय पावणं. कागद लागतोय." फोटो आणा, नाहीतर यजमानाचं सहीचं पत्र आणा. मुदत अठरा तारखेपर्यंत.

२ जून
रिक्षावाल्यांना मिळाली. फेरीवाल्यांनाही. मिळू दे, त्यांनाही पोट आहे. पण लॉकडाऊनमुळं लग्नाचा दुसरा सीझन बुडाला आमचा! ना दुकान, ना नोकरी, ना मजुरी — फॉर्मात आमचा रकानाच नाही. कुणाची चाकरी केली नाही, हे आजवर छाती फुगवून सांगत होतो. घ्या आता!

३ जून
दिवसभर फोटो शोधले. एकाही फोटोत मी नाही. असणार कसा? फेटा बांधून होतोय तोवर फोटोग्राफर ओरडतो, "मामा, जरा बाजूला!" आणि आपण शहाण्यासारखे बाजूला. शेवटी एक सापडला. नवरदेव हसतोय, कपाळावर दोन हात, मनगटापर्यंत. पूर्णिमानं लगेच ओळखले. "हे की तुमचं हात! अंगठ्याचं नख बघा."
बायकोला ओळखू आले, तेवढंच.

४ जून, शुक्रवार
साहेबाला तो फोटो दाखवला. "हात कुणाचं कशावरनं?"
मी खिडकीतनं दोन्ही हात पुढं केले. बघा म्हटलं, ताडून बघा. मागची रांग हसली. साहेबपण हसला. घरी येईपर्यंत डोळे भरत होते, गाडी दोनदा थांबवली.

७ जून
पत्रासाठी आठ जणांना फोन केले. एक म्हणाला, "सही कशाला? फुडं काय भानगड न्हाय न्हवं?" दुसऱ्यानं तर हातच जोडले. गेल्या साली पन्नास माणसांची परवानगी काढून तीनशे जेवायला घातले होते, आता लेखी कसं देणार बिचारा! बाकीच्यांचं एकच, बघू की.
ह्या सगळ्यांच्या डोक्यावर मी मान बांधला.

११ जून
पूर्णिमानं मास्क शिवायला कपाटातले फेटे काढले. लाल बांधणीचा कापला. मला विचारलं नाही. ओरडलो, तर म्हणाली, "इचारलं असतं तर दिलं असतंसा काय? घरात गॅस न्हाय." खरं तेच बोलली.

१५ जून
वर्धमानअण्णांचा फोन! शिरोळचे अण्णा. त्यांच्या दोन्ही पोरांच्या लग्नात सगळे फेटे माझेच. कुणाकडून तरी त्यांच्या कानावर गेलं. "पत्रासाठी लोकांच्या दारात फिरतोस व्हय रं? मी मेलोय काय? उद्या ये."

१६ जून, बुधवार
शिरोळला जाऊन आलो. नाक्यावर पोलिसांनी अडवलं, औषधाला चाललोय म्हणून सुटलो.
अण्णा गेल्या वर्षापासून घराबाहेर नाहीत. मंदिरसुद्धा सोडलंय. दूधवाला फाटकाबाहेरनं परत जातो. अण्णांच्या मंडळी, सुरेखाअक्का, दारातच म्हणाल्या, "बाहेर खुर्ची टाकते, हितंच बसा." आतनं अण्णा ओरडले, "त्यो काय परका हाय? ये रं आत!" आत गेलो. "आन् ते फडकं काढ, तोंड दिसू दे."
धाकट्या अरिहंतनं पत्र लिहिलं, अण्णांनी मोठ्यानं वाचून सही केली. मग म्हणाले, "नुस्त्या कागदानं भागतंय व्हय? फेटा आणलाईस न्हवं? बांध." बांधला. बऱ्याच दिवसांनी हातात कापड आलं. घशात सकाळपासून खवखव, दोनदा खोकला आला. वाटेतली धूळ असणार. अरिहंतनं फोटो काढला, अण्णा आणि मी. मी तोंडासकट!
परत येताना अख्खी वाट गुणगुणत आलो.

१८ जून
अर्ज घेतला! साहेब फोटो बघून म्हणाला, "आता कसं!" पावती दिली.
रात्री अंग कसकसतंय.

२१ जून
पॉझिटिव्ह. पूर्णिमा निगेटिव्ह, देवाची कृपा. मला शाळेत आणून ठेवलंय, वीस खाटा. ताप आहे, पण श्वास चांगला आहे. नर्सबाई कोण कोण भेटलं ते लिहून घेत होत्या. बायको आणि ऑफिसातली रांग, एवढंच सांगितलं. शिरोळचं नाव घेतलं तर, नाक्यावर खोटं बोलून गेलो ते निघेल. शिवाय पत्रावरनं उगाच काही निघून अर्जच अडकला तर?
अण्णांना स्वतःच फोन करतो. उद्या.

२२ जून
केला नाही.

२५ जून
आज नंबर लावला. एक रिंग गेली आणि बंद केला. काही झालं असतं तर त्यांचाच आला असता की. कशाला म्हाताऱ्याला घाबरवायचं?

२ जुलै
घरी सोडलं. वजन उतरलंय. पूर्णिमानं भाकरी कुस्करून दिली, लहान पोराला देतात तशी.

६ जुलै
यादी लागली. चौदावं नाव माझं. पुढं लिहिलंय — फेटा कलाकार. पूर्णिमानं मोबाइलवर तीनदा वाचलं. गल्लीत चार घरी सांगून आली.

८ जुलै
अरिहंतचा फोन. अण्णा परवा गेले. सुरेखाअक्का ऑक्सिजनवर. ओरडला नाही पोरगा, हळूच विचारलं, "मामा, घरात दुसरं कोणच आलं न्हवतं. खरं सांगा, त्या दिवशी तुमाला बरं न्हवतं काय?"
बरा होतो की, म्हणालो.