आठव्या इनिंगमधला चेंडू

बुधवार, १४ मे

काय उकाडा! नेब्रास्कात हा मे आहे की ऑगस्ट! उघड्या हातांनी, घामाघूम होऊन सराव करत होती पोरं. उद्यापासून कॉन्फरन्सची, म्हणजे आमच्या कॉलेजांच्या संघटनेची, बेसबॉल स्पर्धा — आठ कॉलेजं, एक मैदान. दोनदा हरलं की घरी. रविवारचा अंतिम सामना मात्र एकच, तो जो जिंकेल तो राष्ट्रीय स्पर्धेला. दरवर्षीप्रमाणे पेपरची बातमी मी लिहायची आणि अधिकृत स्कोअररही मीच. नवरा, ओरिन, म्हणाला, "म्हणजे शिव्या दोन्हीकडून तुलाच!" दर मे महिन्यात हाच विनोद करतो आणि स्वतःच हसतो.

टर्लो कॉलेजकडून उद्या चेंडू फेकणारा, पिचर, टोबिन राडके. कोपर गेलंय त्याचं. जूनमध्ये शस्त्रक्रिया, नंतर फेकणं कायमचं बंद. उद्याचा शेवटचा. त्यांचा शॉर्टस्टॉप, दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक, लेव्ही कुचेरा शेजारी बसून सूर्यफुलाच्या बिया चघळत, टरफलं थुंकत होता. पहिल्या वर्षापासून एका खोलीत राहतात दोघं. लेव्हीच्या नावावर मोसमभर एकही चूक नाही. सर्वोत्तम क्षेत्ररक्षकाचं, सोनेरी ग्लोव्हचं बक्षीस त्यालाच, असं सगळे धरूनच चाललेत.

गुरुवार, १५ मे

टर्लो ३, मॅरेन ०. बातमी वेळेत गेली. आता स्वतःसाठी.

सातवी इनिंग संपली तरी मॅरेनला एकही हिट नाही. नवव्यापर्यंत असंच राहिलं तर नो-हिटर, पिचरसाठी सगळ्यात मोठा मान. मग असं झालं की जे होतं तेच — कुणी त्याविषयी बोलेना, बोललं की नशीब फिरतं म्हणे. टोबिन बाकाच्या टोकाला एकटा. लेव्हीसुद्धा लांब जाऊन बसला. वरच्या खोलीत माइकवाला व्हर्जिल माझ्या कानाशी, "तो केक खाऊ नकोस." चर्चच्या बायकांनी दिलेला घरचा केक माझ्यासमोर तसाच.

"का नको?"

"मगाशी खाल्ला नव्हतास ना? मग आता नाही!"

नाही खाल्ला.

आठवी. दोन बाद. जमिनीलगत एक जोरदार फटका, सरळ शॉर्टस्टॉपकडे. लेव्ही व्यवस्थित वाकलेला. गवत संपून माती लागते तिथे चेंडू उसळला — निदान उसळल्यासारखा वाटला — आणि त्याला ओलांडून मागच्या गवतात. बॅटर पहिल्या बेसवर.

आता सगळं मैदान माझ्या काचेकडे बघतंय. चेंडू वेडावाकडा उसळला असेल तर पोराचा दोष नाही, ती हिट. म्हणजे टोबिनचा नो-हिटर गेला. साधा चेंडू सुटला असेल तर ती लेव्हीची चूक, आणि नो-हिटर शाबूत. विचार करायला वेळ नसतो. मी बटण दाबलं. फलकावर हिटचा दिवा लागला.

केवढा आरडाओरडा! "ए स्कोअररबाई, चष्मा घरी राहिला का!" व्हर्जिलने केक माझ्याकडे सरकवला. "खा आता."

पुढे टोबिनने कुणाला काही मारू दिलं नाही. या स्पर्धेत आजवर कुणी नो-हिटर टाकलेला नाही. आजही नाही. एकच हिट — ती मी दिलेली.

शुक्रवार, १६ मे

सकाळी टर्लोचे कोच ब्रँडल आले. ओरडले असते तर बरं. टोपी हातात घेऊन उभे. "बाई, एकदा चित्रण बघाल? पोराचा शेवटचा सामना होता हो."

बघितलं. व्हर्जिललाही बसवलं. चेंडू बॅटवरून सुटतो, आणि नेमका त्याच वेळी कॅमेऱ्यासमोर हिरव्या टोपीचा एक माणूस हॉट डॉग सावरत उभा राहतो! चेंडू त्या टोपीत शिरतो आणि पलीकडून बाहेर पडतो, तेव्हा तो गवतात. पुन्हा लावलं. पुन्हा टोपी.

"त्या टोपीलाच चूक दे," व्हर्जिल म्हणाला.

खाली जाऊन मातीची कड बघून आले. रात्रीच दंताळं फिरलेलं, सगळं सपाट. हाताला काही लागेना.

निर्णय बदलायला उद्या दुपारपर्यंत मुभा आहे. मी क्वचितच बदलते. आणि कुणाला वाईट वाटतंय म्हणून तर कधीच नाही.

टर्लो आजही जिंकले.

शुक्रवार, संध्याकाळी

आत्ता लेव्ही येऊन गेला. जिन्यात उभा होता, आत येईना. या घामाच्या धारांत काळा, पूर्ण बाह्यांचा शर्ट! मी म्हटलं, "अरे, उकडून मरशील." "जिंकतोय तोवर बदलायचा नाही, मॅडम." खुळी असतात ही पोरं. एकाने म्हणे बुधवारपासून मोजे धुतलेले नाहीत.

मग एकदम म्हणाला, "ती चूक होती. माझी."

"कोचनी पाठवलं?"

"नाही! शप्पथ. चेंडू ग्लोव्हमध्ये आला होता, मॅडम. मी धावणाऱ्याकडे बघितलं आणि निसटला. सरळ आला होता. रोज सकाळी असे शंभर पकडतो मी."

"तुझ्या नावावर लागेल. सोनेरी ग्लोव्ह जाईल."

"लागू दे की."

"टोबिनला माहीत आहे, तू इथे आलायस?"

"त्याला कळलं तर तुडवेल मला."

या खोलीत माझ्याशी भांडायला किती शॉर्टस्टॉप आले! कोच आले, एकाची तर आई आली होती. सगळे 'चूक पुसा' म्हणायला. 'चूक लावा' म्हणणारा हा पहिलाच. असं कुणी उगाच कशाला म्हणेल?

ओरिनला सांगितलं. तो म्हणाला, "अगं, तू काय बघितलंस ते सांग ना." तेच तर. बघितलं म्हणावं तर एक क्षण. लेव्ही होता चेंडूच्या पुढ्यात.

शनिवार, १७ मे

बदलला. सकाळी कॉन्फरन्सला कळवलं : आठवी इनिंग, शॉर्टस्टॉप कुचेरा, चूक. मन शांत आहे. आपण डोळ्यांवर अडून बसायचं आणि ज्याच्या हातातून चेंडू सुटला त्याला खोटं ठरवायचं, हे काही बरं नाही.

सामन्याआधी व्हर्जिलने माइकवर जाहीर केलं. आवाज कापत होता त्याचा — नंतर म्हणतो, माइक खराब आहे! सगळी टर्लोची पोरं आनंदाने टोबिनवर झेपावली. टोबिन मात्र हसेना. गर्दीतून वाट काढत गेला आणि लेव्हीचा डावा हात धरून त्याला ओढलं. काहीतरी रागाने बोलत होता. लेव्ही पांढराफटक. मला वाटलं, चार लोकांत चूक ऐकावी लागली, बिचारा ओशाळला.

टर्लो पुन्हा जिंकले. उद्या अंतिम सामना.

रविवार, १८ मे

हरले. टर्लो ४, मॅरेन ५. लेव्हीची बॅट चारही वेळा हवेत फिरली. मॅरेनवाले ओरडत होते, "कुचेरा, बॅट धरलीयस की झाडू!" एकदाही मान वर केली नाही त्याने. पण त्याच्याकडे आलेला एकेक चेंडू पकडला.

सोनेरी ग्लोव्ह मॅरेनच्या पोराला. लेव्हीनेच सगळ्यात जोरात टाळ्या वाजवल्या म्हणे, व्हर्जिलने बघितलं. टोबिनला गुरुवारच्या सामन्याचा चेंडू दिला, सगळ्यांच्या सह्या करून. टर्लोची पोरं एवढं एकच घेऊन घरी गेली. निघताना कोच ब्रँडल नुसते माझा हात धरून उभे राहिले.

सोमवार, १९ मे

पेपरसाठी फोटो निवडत होते. हरल्यानंतरचा एक फार सुरेख आलाय. टोबिन आणि लेव्ही गवतात बसलेत. लेव्हीची काळी बाही कोपरापर्यंत वर, टोबिन बर्फाची पिशवी उचलून खाली बघतोय. लेव्हीच्या डाव्या हाताला, मनगटाच्या वीतभर वर, वळ. ताजा नाही, कडा पिवळ्या पडल्यात. मधोमध चेंडूच्या शिवणीच्या दोन ओळी, टाका न् टाका दिसतो.

गुरुवारी ग्लोव्हपर्यंत चेंडू आलाच नव्हता. उसळला होता.

बदलायची मुदत शनिवारी दुपारीच संपली.

छापायला दुसरा फोटो दिला.