विस्तवाच्या बाजूची कल्हई

एक थापड मारायला तुम्हाला वेळ होता, दोन शब्द सांगायला नव्हता. त्या दोन शब्दांपायी गेल्या आठवड्यात माझ्या पोराचा हात दुसऱ्यांदा मोडायची पाळी आली होती. तुम्ही जाऊन तीस वर्षं झाली, तरी हे मी तुमच्याच माथी मारणार. नमस्कार करायचा तो मागाहून करीन, आबा. आधी ऐकून घ्या.

तुम्हाला मोटार ठाऊक नाही. तुमच्या वेळेला जुन्नरात बैलगाड्या आणि टांगे. आता तुमचा नातू एका जुन्या मोटारीतून जुन्नर-नारायणगाव उतारू नेतो. ती चालू करायच्या दोन तऱ्हा आहेत. एक म्हणजे पुढून लोखंडी हँडल घालून हातानं गरागरा फिरवायचं. दुसरी, आत बसून पायानं बटण दाबायचं, म्हणजे सीटखालची बॅटरी इंजिन फिरवते. बॅटरी म्हणजे तेजाब भरलेली पेटी, तिच्यात वीज साठते. आमच्या मोटारीच्या तारा जुन्या, वरचं सुती कापड कुजलेलं, त्यामुळं गाडी नुसती उभी असली तरी वीज कुठून तरी झिरपते आणि सकाळी बॅटरी मेलेली. मग आलं हँडल. चैत्रात ते उलटं उसळलं आणि पोराचं मनगट मोडलं. हाडवैद्यानं फळ्या बांधल्या, सोडल्या, आणि मला बाजूला घेऊन सांगितलं, "आजी, ह्ये परत मोडलं तर बोटं मिटायची न्हाईत." बोटं मिटली नाहीत तर तो चाक कशानं धरणार?

नारायणगावचा मिस्त्री म्हणाला, "मावशी, तारा बदलंस्तवर बॅटरीला खटका लावा. गाडी हुबी क्येली की खटका उघडायचा, वीज जाग्याला ऱ्हाती. पर त्यो मुंबैवरनं मागवाया लागंल. म्हैना जाईल." त्यानं कागदावर चित्र काढून दाखवलं. तांब्याचे दोन चिमटे, त्यांत बसणारं तांब्याचं पातं, खाली सागाची कोरडी फळी. पातं चिमट्यांत दाबलं की वीज वाहते, उचललं की तुटते. एवढ्यासाठी मुंबई? तांबटाच्या घरची आहे मी. म्हटलं, तारा तू जोड, खटका मी करते.

पण तांबं जाड पाहिजे. घरात तसलं एकच भांडं, तुम्ही लग्नात दिलेली तपेली. ती तुमच्या हातची नव्हे, माझ्या हातची, हे तुम्हाला आणि मलाच माहीत. मी तेव्हा नऊ वर्षांची. दादाला तुम्ही ऐरणीपाशी बसवायचात आणि मला भाता ओढायला. एके दिवशी तुम्ही बाजाराला गेला होतात, तेवढ्यात मी दादाची हातोडी घेऊन तपेली ठोकली. बुड वाकडं, अंगाला खड्डे. ते झाकावे म्हणून कल्हईवाल्या चाचांना गळ घालून आतून-बाहेरून कल्हई करून घेतली. अगदी चांदीसारखी दिसते आहे. तुम्ही येता, तपेली हातात फिरवून बघता, आणि एक थापड. "पुसून टाक त्ये भाईरचं." बस्स. मी काही पुसलं नाही. कोळशाच्या पाटीमागं भिरकावून दिली. दोन वर्षांनी सासरी भांडी मांडली तेव्हा तीच निघाली, बाहेरची कल्हई खरवडलेली. सासू म्हणाली, "तांबटाची लेक, आन् ह्ये असलं वाकडं भांडं?" दुकानात खपलं नाही ते माझ्या गळ्यात मारलं, असं धरून मी त्यात डाळ शिजवत आले आणि ढवळताना तुम्हाला बोल लावत आले.

तर ती कापली. पत्रा दुहेरी ठोकला, चिमटे वळवले, पातं घासलं. हात विसरला नव्हता. आणि मग मी अक्कल पाजळली. तेजाबाच्या वाफेनं तांबं कळकणार, हे तर दिसतंच. कळंकाला औषध कल्हई. आळीत कल्हईवाला आलाच होता, त्याच्याकडून पातं आणि चिमटे चकाचक करून घेतले. बाहेरून कल्हई करू नये, खाली विस्तव असतो, वितळते, एवढं चूल सांभाळून मलाही कळलं होतं. पण विजेत कुठं विस्तव असतो? मिस्त्रीनं तारा जोडल्या. पहिल्या दिवशी पाच-सहा वेळा बटण दाबलं, इंजिन फिरलं. संध्याकाळी पोरगा खटका उघडायला गेला तर उघडेना. विजेच्या आचेनं कल्हई वितळून पातं चिमट्यांत डाग देऊन सांधल्यासारखं बसलं होतं.

सकाळी बॅटरी मेलेली. उतारू बसलेले. पोरानं हँडल लावलं तसं मी ते उपसून पदराखाली घेतलं आणि मोटारीपुढं बसले.

"आई, सर. लोकं खोळंबल्यात."

"खोळंबू देत."

"एकदाच फिरवतो."

"मागल्या बारीला बी एकदाच फिरवलं व्हतंस."

आतून पिंपरी पेंढारचे एक पाव्हणे म्हणाले, "आजी, आमी काय हितंच ऱ्हायाचं का?"

"पाय हायेत न्हवं? उतरा आन् ढकला."

सगळे पुटपुटत उतरले आणि उतारापर्यंत ढकलत गेले, तिथं गडगडता गडगडता गाडी चालू झाली. दुपारी मिस्त्री आला. त्यानं खटका बघितला, माझ्याकडं बघितलं. "ह्याला कल्हई कुणी क्येली?" मी म्हटलं, "तुझं चित्रच चुकलं." चार माणसांदेखत म्हटलं. त्यानं हत्यारं गुंडाळली आणि गेला. मी पातं पाचरीनं सुटं केलं आणि कानस घेऊन कल्हईचा कण अन् कण काढला, चिमटे आवळले. आता आठ दिवस खटका बिनतक्रार चालतो आहे. हँडल माझ्या पेटीत आहे. पोराला मी अजून सांगितलेलं नाही की चूक मिस्त्रीची नव्हती.

थापड तुम्ही तपेलीपुरती मारलीत, आबा. जिथून आच जायची तिथं कल्हई नको, मग ती आच दिसो न दिसो, असं सांगायला किती वेळ लागला असता? दादाला सांगितलंत. तो तर हातोडी टाकून निघून गेला.

आणखी एक. कापून उरलेलं बुड मी उन्हात नीट बघितलं. आजवर ते काजळीखाली होतं, चिंचेनं घासलं तेव्हा कल्हई खरवडल्याचे ओरखडे दिसले, सगळे उलट्या अंगानं चढलेले. आपल्या घरात डावखुरे तुम्ही एकटे. म्हणजे कोळशामागून ती तुम्हीच काढलीत, तुम्हीच खरवडलीत, आणि दोन वर्षं ठेवलीत. हे तरी तोंडानं सांगायचं होतं. आता ते बुड ना चुलीच्या कामाचं ना खटक्याच्या, तरी मोडीत घातलेलं नाही. हा कागद त्यातच घडी करून ठेवते. टपालात टाकून जाणार कुठं?

नमस्कार राहिला, तो घ्या. खरवडताना तुम्ही काही बोललात का, एवढंच मला कळायला हवं. तुम्ही लिहू नका, तुम्हाला जमायचं नाही. खरवडत होतात तेव्हा आई जवळच बसलेली असणार, आणि आता तीही तिकडं तुमच्यापाशीच आहे. उत्तर आईनंच द्यावं.