उताराला आलेलं पोट

नाना, सकाळी पटाशीला धार लावायला बसले आणि पात्याच्या धारेकडच्या उताराला पुन्हा पोट आलं. शब्द तुमचाच. पटाशीच्या जाडीच्या दुप्पट लांबीचा उतार, सागाला जरा लांब, बाभळीला जरा आखूड, आणि दगडावर तो सपाट बसलाच पाहिजे. हात डुलला की उतार मधे फुगतो आणि पटाशी लाकडात शिरायच्या ऐवजी घसरते. पहिल्यांदा माझ्याकडून तसं झालं तेव्हा तुम्ही ती खिडकीच्या उजेडात धरून म्हणालात, "पोट आलंय हिला. आता डोहाळे पुरवायचे का?" मी रडता रडता हसले होते. आज कोणी हसवणारं नाही. पटाशी घसरली आणि गिऱ्हाइकाच्या शिसवी चौकटीवर लांब ओरखडा उठला. डॉक्टर म्हणतात कंपवात आहे, गोळ्यांनी थोडा आवरेल, पण वाढत जाणार.

खरा उतार कसा असतो ते एकदा डोळ्यांनी पाहावं म्हणून तुमची रुंद पटाशी पोत्यातून काढली. बाकीच्या मी वापरून झिजवल्या, ही तेवढी तुमची म्हणून कधी पोत्यातून बाहेर काढली नव्हती. उजेडात धरली. नाना, हिलाही पोट आहे. मग एकेक आठवत गेलं. शेवटी शेवटी तुम्ही बशीतून चहा प्यायचं सोडलं होतं, पेला दोन्ही हातांनी धरायचात. धार का बसत नाही असं आईने विचारलं तर म्हणालात, दगड झिजलाय. मी देवळाली कॅम्पातून बस धरून नाशिकला गेले आणि नवा दगड आणला. तुम्ही तो उलटसुलट करून पाहिलात आणि माझ्या पुढ्यात ठेवलात. "आजपासून धार तू लावायची. तुझा हात माझ्यापेक्षा लय चांगला बसतो." आईने शिरा केला. ती शाबासकी मी इतकी वर्षं जिवापाड जपली, आणि आज कळतंय की तेव्हा तुमचा हात गेला होता. कदाचित दोन्ही खरं असेल. पण ते आता कोणाला विचारू?

तुमच्या पुढ्यात निदान मी बसलेली होते. माझ्या पुढ्यात कोणी नाही. हल्ली लोक तयार दारं आणतात, धार शिकायला कोण येणार? मला दुसरं काहीही येत नाही, नाना. हात गेला की मी कोण उरते, ते मला खरंच कळत नाही.

हा कागद कुठे जायचा नाही. लिहितानाही अक्षर हलतंय, तुम्हाला ते वाचता आलं नसतं. मघाशी तुमच्या जावयांनी ओरखडा पाहिला आणि काय झालं म्हणून विचारलं. डॉक्टरांकडे गेल्याचं मी त्यांना अजून सांगितलेलं नाही. मी म्हणाले, दगड झिजलाय. ते म्हणाले, उद्या नवा आणतो.